शेरीफ : कारभारी कोणाचा?

'शेरीफ' म्हटले की आपल्यापुढे दोन अगदी निरनिराळी माणसे उभी राहतात. एक अमेरिकन चित्रपटातला : छातीवर पितळी तारा, कमरेला पिस्तूल, घोड्यावर मांड टाकून दरोडेखोरांच्या पाठीस लागलेला. दुसरा आपल्या मुंबईचा : शहरातला कोणी नामांकित, वयाने व मानाने मोठा गृहस्थ, जो परदेशी पाहुण्यांच्या स्वागतास बंदरावर वा विमानतळावर उभा असे. १९८० साली दिलीपकुमार मुंबईचे शेरीफ होते, १९९४ मध्ये सुनील गावस्कर झाले. या दोघांपैकी कोणी दरोडेखोरांचा पाठलाग केल्याचे आमच्या ऐकिवात नाही; निदान पडद्याबाहेर तरी नाही. बरे, प्रकरण येथेच थांबत नाही. स्कॉटलंडात जाल तर शेरीफ हा चक्क न्यायाधीश असतो आणि खालच्या न्यायालयात बसून खटले चालवतो. इंग्लंडात जाल तर तो वर्षाकाठी बदलणारा, मखमली पोशाखातला बिनपगारी मानकरी असतो. एकच शब्द, आणि त्याचे हे चार अवतार. हे झाले कसे, हा आजचा विषय.

आरंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. आपल्याकडे 'शरीफ' हा शब्द रूढ आहे. तो अरबी, अर्थ कुलीन, प्रतिष्ठित. मुंबईचा शेरीफ प्रतिष्ठितच असल्यामुळे हे दोन्ही शब्द एकच, असे पुष्कळांना वाटते. पण उच्चाराचा योगायोग यापलीकडे त्यांचे काही नाते नाही. शेरीफ हा अस्सल इंग्रजी शब्द आहे, आणि तोही जुन्या इंग्रजीतला, म्हणजे नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकण्याच्या आधीच्या भाषेतला. ती भाषा आजच्या इंग्रजी जाणणाऱ्यालाही शिकल्यावाचून वाचता येत नाही.

त्या भाषेत हा सामासिक शब्द होता. पहिले पद 'शीर'. त्याचा मूळ अर्थ जबाबदारी, सोपवलेले काम. पुढे ज्या मुलखाची जबाबदारी सोपवली तो मुलूखच 'शीर' झाला. यॉर्कशायर, हॅम्पशायर या नावांतले 'शायर' ते हेच. दुसरे पद लिहीत 'गेरेफा' असे, पण त्यातला 'ग' मऊ होऊन 'य'कडे झुकलेला आणि 'फ'चा 'व्ह' झालेला असल्यामुळे बोलण्यात ते साधारण 'येरेव्हा' असे ऐकू येई. त्याचा अर्थ कारभारी. पुढे त्याचे इंग्रजीत 'रीव्ह' झाले. एखाद्या जमीनदाराच्या वाड्याचा रीव्ह असे, बाजारपेठेचा रीव्ह असे, तसा शायरचा रीव्ह. शायर-रीव्ह, शायर-रीव्ह असे घाईने दहा वेळा म्हणून पाहावे. अकराव्या वेळी शेरीफ आपोआप तोंडात येतो.

शाळेत आपण समासाचा विग्रह शिकलो. आता 'शायर-रीव्ह' याचा विग्रह कसा करावयाचा? 'शायरचा कारभारी' असा, की 'शायरवर नेमलेला कारभारी' असा? व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही चालतील. पण त्या शायरमध्ये नांगर धरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. शायरचा म्हणजे आपला. शायरवर नेमलेला म्हणजे राजाचा. शब्दात राजाचे नाव कोठेच नाही, आणि तरीही राजा त्यात लपून बसलेला आहे. या शब्दाचा पुढचा हजार वर्षांचा इतिहास म्हणजे या विग्रहावरून चाललेले भांडण आहे, असे आम्हांस वाटते.

सुरुवातीला शायरचा मुख्य होता 'एल्डरमन' नावाचा मोठा सरदार. शायरची सभा वर्षातून दोनदा भरे. तीत तो आणि बिशप बसत आणि न्यायनिवाडे होत. पुढे एकेका एल्डरमनाकडे अनेक शायर गेले. एवढा मोठा सरदार प्रत्येक गावी कोठून पोहोचणार? शिवाय इतका मोठा झालेला सरदार राजाच्या मुठीत राहीलच याचा भरवसा काय? म्हणून दहाव्या शतकाच्या अखेरीस आणि अकराव्याच्या पूर्वार्धात राजाने शायरागणिक आपला एक कारभारी बसवला. तो जन्माने फार मोठा नसे, पण राजाच्या जमिनीचे उत्पन्न आणि दंडाची रक्कम त्याच्या हाती असे. तोच आपला शेरीफ.

१०६६ नंतर विल्यम राजाने पुष्कळ जुन्या गोष्टी मोडल्या, पण हे पद मोडले नाही. त्याला ते फार सोयीचे होते. त्याने माणसे तेवढी बदलली आणि आपले नॉर्मन सरदार त्या जागी बसवले. ते लॅटिनमध्ये आणि फ्रेंचमध्ये त्या पदाला दुसरेच नाव देत. लोकांनी मात्र आपला जुना शब्द सोडला नाही. वुस्टरचा शेरीफ उर्स याने किल्ला बांधला तो मठाच्या इतक्या जवळ, की किल्ल्याच्या खंदकाने मठातल्या साधूंच्या दफनभूमीचाच लचका तोडला. आर्चबिशप एल्ड्रेड याने त्याच्या नावावर यमक जुळवून त्याला तोंडावर शाप दिला, अशी कथा बाराव्या शतकातल्या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. शापाने उर्सचे काही बिघडले नाही.

केंब्रिजचा शेरीफ पिको याची हकीकत तर राजाच्याच दप्तरात आहे. विल्यमने १०८६ साली देशाची पाहणी करविली, तिचे 'डूम्सडे बुक' प्रसिद्ध आहे. त्यात केंब्रिजच्या नगरवासीयांची तक्रार नोंदलेली आहे. पूर्वीच्या राजाच्या काळी आम्ही शेरीफाला वर्षातून तीन वेळा आपले नांगर देत होतो, आता नऊ वेळा मागितले जातात. आमचे सामाईक गायरान पिकोने घेतले. तेथे त्याने तीन गिरण्या बांधल्या, त्यांत कुरण गेले आणि कित्येक घरेही गेली. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे गाऱ्हाणे. यातला वेठीचा आणि गायरानाचा भाग ऐकताना आमच्या श्रोत्यांपैकी खेड्यातून आलेल्यांना दुभाष्याची गरज पडू नये.

पण शेरीफ इतका हावरा का होई? सारेच काही स्वभावाने दुष्ट नव्हते. याचे उत्तर हिशेबात आहे. शायरचे ठरावीक उत्पन्न राजाला भरण्याचा मक्ता शेरीफाकडे असे. ठरलेली रक्कम राजाची. तिच्यावर जे निघेल ते शेरीफाचे. त्या ठरीव रकमेला 'फर्म' म्हणत. ठरीव खंडाने दिलेली जमीन ती 'फार्म', आणि त्यावरूनच पुढे शेताला इंग्रजीत फार्म हे नाव पडले. शेतीशी त्या शब्दाचा मुळात संबंध नव्हता, वसुलीशी होता.

वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेर सेंट मायकेलच्या सणाला, शेरीफांना हिशेब द्यावा लागे. बाराव्या शतकात राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या कचेरीचे बारीकसारीक वर्णन प्रश्नोत्तररूपाने लिहून ठेवले आहे, आणि ते वाचताना नाटक पाहिल्याचा आनंद होतो. एक लांब मेज. त्यावर चौकडीचे कापड. एका बाजूस राजाचे अधिकारी, समोर शेरीफ. चौकडीच्या घरांत सोंगट्या मांडीत जावयाचे : या रांगेत पेन्स, यात शिलिंग, यात पौंड, यात वीस, यात शंभर. किती भरावयाचे त्याच्या सोंगट्या वर, किती भरले त्याच्या खाली, आणि मग वजाबाकी सर्वांच्या डोळ्यांदेखत. लिहितावाचता न येणाऱ्या शेरीफालाही आपण किती बुडालो ते दिसे. बुद्धिबळाच्या पटासारख्या त्या कापडावरून कचेरीचे नाव 'एक्स्चेकर' पडले. इंग्लंडचा अर्थमंत्री आजही त्या चौकडीच्या कापडाचाच 'चॅन्सेलर' म्हणवतो.

पावतीची तऱ्हा याहून गमतीची. एका काठीवर खाचा पाडावयाच्या. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसांना करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरावयाची. एक अर्धे शेरीफाला, एक खजिन्याला. दोन्ही अर्धे जुळले तर पावती खरी. खजिन्याकडच्या तुकड्याला 'फॉइल' म्हणत. आपण पावतीपुस्तकात ठेवतो त्या 'काउंटरफॉइल'चे मूळ हे. या काठ्यांची पद्धत इतकी चिवट निघाली की, ती बंद पडल्यावर १८३४ च्या ऑक्टोबरात साठलेल्या काठ्या लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्टीत जाळावयास घेतल्या, आणि त्या आगीत पार्लमेंटची जुनी इमारत जळून गेली. असो. आपण बाराव्या शतकाकडे वळू.

राजाच्या मेजावर शेरीफ नाडला जाई, आणि घरी जाऊन तो लोकांना नाडी. ११७० साली दुसरा हेन्री जवळजवळ चार वर्षांनी फ्रान्समधून परतला, तेव्हा तक्रारींचा डोंगर उभा होता. त्याने शेरीफांची जाहीर चौकशी लावली. कोणी किती घेतले, कोणत्या कारणाने घेतले, लोक ते खुशीने देत होते की जुलमाने, असे प्रश्न गावोगाव विचारले गेले आणि बहुतेक शेरीफ घरी बसले. राजाला लोकांचा कळवळा आला होता की मधल्या मध्ये आपला पैसा गळतो याचा राग आला होता? आमच्या मते दुसरे अधिक खरे. पण काही काळ दोघांचे हित एक झाले, आणि राजाच्या माणसाविरुद्ध राजाच्याच दारी साक्ष देता येते हे लोकांनी पाहिले.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी मॅग्ना कार्टा आली. या सनदेचे नाव घेताना आपण मोठमोठ्या तत्त्वांची नावे घेतो. ती प्रत्यक्ष वाचून पाहिली, तर शेरीफ तिच्यात पानोपानी भेटतो. शेरीफाने राजाच्या अधिकारातले फौजदारी खटले चालवू नयेत. शायरचा मक्ता जुन्या दरानेच असावा. शेरीफाने कोणाही स्वतंत्र माणसाचा घोडा वा गाडी त्याच्या संमतीवाचून घेऊ नये. शेरीफ नेमावयाचा तो देशाचा कायदा जाणणारा आणि पाळू इच्छिणारा नेमावा. आणि पन्नासाव्या कलमात तर काही परकी अधिकाऱ्यांना नावानिशी हाकलून देण्याचे वचन राजाकडून घेतलेले आहे. त्यांत एक नाव आहे फिलिप मार्क. हा होता नॉटिंगहॅमचा शेरीफ!

नॉटिंगहॅमचा शेरीफ म्हटल्यावर रॉबिनहुडाची आठवण न होणारा माणूस विरळा. रॉबिनहुडाच्या जुन्या गीतांत या शेरीफाला नाव नाही. तो नुसता शेरीफ आहे, आणि तेवढ्यावरच ऐकणाऱ्यांना तो कसा असणार हे कळत असे. फिलिप मार्क हाच तो, असे काही लोक म्हणतात, पण तसे सिद्ध करता येत नाही आणि तसे करण्याची गरजही नाही. रॉबिनहुड होऊन गेला की नाही याविषयी विद्वान हवे तेवढे भांडोत. त्याचा शत्रू मात्र शंभर टक्के होऊन गेला.

पुढच्या दोनतीनशे वर्षांत शेरीफाची एकेक पिसे गळत गेली. गुन्ह्यातील मृत्यूंची आणि राजाच्या हक्कांची नोंद ठेवण्यास ११९४ मध्ये कोरोनर नेमले गेले. १३४० च्या कायद्याने कोणीही शेरीफ एका वर्षापेक्षा अधिक काळ राहू नये असे ठरले. १४६१ मध्ये त्याच्याकडची उरलीसुरली फौजदारी न्यायसत्ता 'जस्टिस ऑफ दि पीस' यांच्याकडे गेली. ट्यूडर राजांच्या काळी सैन्यभरतीही दुसऱ्याकडे गेली. उरले काय? समन्स बजावणे, ज्यूरी बोलावणे, फाशीची अंमलबजावणी करणे आणि पार्लमेंटची निवडणूक घेणे.

हे शेवटचे काम क्षुल्लक नव्हे. पहिल्या चार्ल्सने त्याचा कसा उपयोग केला पाहा. शायरमधून प्रतिनिधी निवडून पाठवणे हे शेरीफाचे काम. म्हणून शेरीफ असलेल्याला स्वतः पार्लमेंटात बसता येत नसे. १६२५ च्या अखेरीस चार्ल्सने आपल्या कडव्या विरोधकांनाच शेरीफ करून टाकले! त्यांत इंग्लंडचा सर्वांत मोठा कायदेपंडित सर एडवर्ड कोक होता. वय त्र्याहत्तर, एके काळचा सरन्यायाधीश. त्याला बकिंगहॅमशायरचे शेरीफपद बहाल झाले. मान असा, की नाकारता येत नाही आणि घेतला तर तोंड बंद. म्हाताराही काही कमी नव्हता. शपथेतल्या मजकुरावरच त्याने हरकती काढल्या. दोन शतकांपूर्वीच्या पाखंडी पंथाचा बंदोबस्त करीन, असे त्या शपथेत अजून लिहिलेले होते! पण पार्लमेंट त्याला चुकले ते चुकलेच. १६२८ मध्ये मात्र तो परत आला आणि 'पिटिशन ऑफ राइट' मंजूर करून घेण्यात पुढे राहिला.

त्याच बकिंगहॅमशायरमध्ये काही वर्षांनी जॉन हॅम्पडेनने वीस शिलिंग भरण्याचे नाकारले. आरमारासाठी म्हणून पूर्वी किनाऱ्यावरची शहरे देत तो कर चार्ल्सने पार्लमेंटला न विचारता १६३५ मध्ये साऱ्या देशावर बसवला, आणि वसुलीचा हुकूम गेला शेरीफांच्या नावे. बारा न्यायाधीशांपैकी सातांनी १६३८ मध्ये राजाच्या बाजूने कौल दिला, पाचांनी हॅम्पडेनच्या. खटला राजाने जिंकला. पण पुढे वसुली करताना शेरीफ रडकुंडीला आले. शेजाऱ्याच्या गोठ्यातून गाय सोडून आणावयाची, आणि वर्ष संपल्यावर पुन्हा त्याच शेजाऱ्याशेजारी राहावयाचे! तो राजाचा माणूस होता खरा, पण त्याचे घर शायरमध्ये होते. विग्रहाचे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या गळ्यात पडले की काय होते, ते या वर्षांत दिसले.

स्कॉटलंडची गोष्ट थोडक्यात आटोपू. तेथेही हा शब्द गेला. पण इंग्लंडात न्यायदान शेरीफाकडून काढून घेतले गेले, तर तेथे तेच त्याच्याकडे उरले. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट १७९९ पासून सेल्कर्कशायरचा शेरीफ होता, तो न्यायाधीश म्हणून. अमेरिकेत व्हर्जिनियाची १६३४ साली आठ शायरांत वाटणी झाली आणि इंग्रजी वसाहतवाल्यांबरोबर शेरीफही तेथे पोहोचला. राजा गेल्यावर त्याला नेमावयाचे कोणी, हा प्रश्न आला; आणि एकोणिसाव्या शतकात राज्याराज्यांतून उत्तर मिळाले, की लोकांनी मते देऊन. चित्रपटातला तो पितळी ताऱ्याचा गडी निवडून आलेला असतो, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. तेथे विग्रह शायरच्या बाजूने सुटला.

आता मुंबई. पहिल्या जॉर्जच्या १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे मेयरची न्यायालये स्थापन झाली आणि त्यांच्याबरोबर शेरीफ आला. न्यायालये बदलत गेली, १८६२ मध्ये हायकोर्ट आले, शेरीफ टिकला. समन्स, जप्ती, लिलाव ही कामे कचेरी करी, आणि शेरीफ म्हणून दर वर्षी एखादा मान्यवर नागरिक नेमला जाई. डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७१ मध्ये शेरीफ होते. गरिबांवर फुकट उपचार करणारा डॉक्टर, शिलालेख वाचणारा संशोधक. नॉटिंगहॅमच्या शेरीफाचा हा वारस ओळखू यावयाचा कसा?

मुंबईत या पदाला एक गोष्ट अशी चिकटली, की तिचे महत्त्व फार मोठे आहे. शहराच्या नावाने जाहीर सभा भरवावयाची, तर प्रतिष्ठित नागरिकांनी सह्यांचा विनंतीअर्ज शेरीफाकडे द्यावयाचा आणि शेरीफाने टाउन हॉलमध्ये सभा बोलवावयाची, अशी वहिवाट पडली. शेरीफाने बोलावलेली सभा म्हणजे 'मुंबईच्या नागरिकांची' सभा. पण नागरिक म्हणजे कोण? अर्जावर सह्या करणारे, की सभेला येणारे?

११ डिसेंबर १९१८ रोजी या प्रश्नाचा निकाल लागण्याची वेळ आली. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन निवृत्त होत होते. त्यांचे स्मारक करण्यासाठी शहरातल्या धनिक मंडळींनी विनंती केली आणि शेरीफाने टाउन हॉलमध्ये नागरिकांची सभा बोलावली. विलिंग्डनसाहेबांनी होमरूलवाल्यांचा जाहीर अपमान केलेला होता. तेव्हा स्मारक व्हावे, असे मुंबईचे सर्व नागरिक म्हणतात काय? बॅरिस्टर महंमदअली जिना, 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक हॉर्निमन आणि त्यांचे सहकारी सकाळीच जाऊन हॉलमधल्या जागा धरून बसले. सभा नागरिकांची, आम्ही नागरिक. मग आम्हांला कोण उठवणार? संध्याकाळी सर जमशेटजी जीजीभाई अध्यक्षस्थानी बसले आणि गोंधळ सुरू झाला, तो असा की ठराव कोणी मांडला नि काय मांडला ते कोणालाच ऐकू गेले नाही. शेवटी पोलिसांनी हॉल रिकामा केला. जिनांनाही धक्काबुक्की झाली. लोकांनी वर्गणी जमवून त्या दिवसाच्या आठवणीसाठी जे सभागृह बांधले, ते जिनांच्याच नावाचे. ते मुंबईच्या काँग्रेस हाउसच्या आवारात आहे. पुढे जिना कोठे गेले ते सर्वांना ठाऊक आहे. पण १९१८ चा तो दिवस पुढच्या इतिहासामुळे पुसून टाकण्याचे कारण नाही.

स्वातंत्र्यानंतर मराठीत या पदाला 'नगरपाल' हा शब्द रूढ झाला. शब्द चांगला आहे. 'शायर'च्या जागी नगर आले, कारण मुंबईला शायर नव्हतेच. 'रीव्ह'च्या जागी पाल आला. सभा बोलावण्याची वहिवाट मागे पडली, कारण सभा भरवण्यास आता कोणाची मध्यस्थी लागत नाही. मात्र जुन्या रीव्हचे एक काम नगरपालाच्या कचेरीने चालू ठेवले. मुंबईच्या बंदरात आलेल्या परदेशी जहाजावर कोणाचे देणे थकलेले असले आणि हायकोर्टाने त्या जहाजाच्या अटकेचा हुकूम दिला, तर तो बजावावयाचा शेरीफाच्या नावाने. कचेरीचा माणूस बोटीत बसून जातो, शिडीने वर चढतो, वॉरंट जहाजाच्या दर्शनी भागी चिकटवतो आणि उतरून येतो. देणे फिटेपर्यंत, किंवा कोर्टात जामीन ठेवीपर्यंत, जहाज जागचे हलत नाही.